हात तेच, हिशेब वेगळा

पंचेचाळिशीतला एक ब्रिटिश माणूस डोळ्यांसमोर आणा. अठराव्या वर्षी लीड्समध्ये त्यानं गाडी चालवण्याची परीक्षा दिली आणि तेव्हापासून तो रोज गाडी चालवतो आहे. पावसात, धुक्यात, एकच गाडी जेमतेम मावेल अशा गल्ल्यांमधून, मोटरवेवर. विम्याचा एकही क्लेम नाही. नोकरीनिमित्त तो आता ओंटारिओत आला आहे. लायसन्सच्या केंद्रात तो आपलं ब्रिटिश लायसन्स जमा करतो, डोळे तपासून घेतो, फी भरतो आणि त्याच भेटीत ओंटारिओचं पूर्ण 'जी' लायसन्स त्याच्या नावावर होतं. लेखी परीक्षा नाही, रस्त्यावरची चाचणी नाही. किमान दोन वर्षांचा अनुभव दाखवला की हा प्रांत ब्रिटिश चालकावर एवढा विश्वास टाकतो.

मग तो विम्यासाठी फोन करतो, आणि पलीकडून बऱ्याचदा जो आकडा येतो तो नुकत्याच गाडी शिकलेल्या पोराला सांगावा असा असतो. मधली सत्तावीस वर्षं त्या आकड्यात कुठेच दिसत नाहीत.

माणूस एकच, प्रांत एकच, दिवसही एकच. सरकारच्या लेखी तो मुरलेला चालक आणि विमा कंपनीच्या लेखी नवखा. नवल म्हणजे दोघांच्याही म्हणण्याला आधार आहे. हे कोडं सोडवायला बसलो आणि मी त्यात पार बुडून गेलो. कारण गाडीच्या विम्याचा हप्ता आपल्याला वाटतो तसा चालकाच्या हातातल्या कसबावर ठरतच नाही. त्याच्याबद्दल त्या मुलखात काय लिहून ठेवलं आहे, तो मुलूख कसा आहे, आणि झालेलं नुकसान तिथला कायदा कुणाच्या पदरात टाकतो, या तीन गोष्टींवर तो ठरतो. आणि विमानातून उतरेपर्यंत या तिन्ही गोष्टी बदललेल्या असतात.

लायसन्स एवढंच सांगतं की या माणसाला गाडी चालवता येते. कंपनीला हवा असतो मागचा हिशेब. कॅनडात विमा कंपन्यांची दाव्यांची सामायिक नोंद असते. लायसन्सचा क्रमांक टाकला की त्या चालकानं गेल्या काही वर्षांत कुठे, केव्हा, किती नुकसानीचा दावा केला आणि चूक कुणाची ठरली, हे समोर येतं. आपल्या ब्रिटिश माणसाचा क्रमांक मात्र आज सकाळी जन्माला आलेला. त्याच्यामागे चांगलंही काही नाही आणि वाईटही काही नाही. विम्याच्या गणितात अशा कोऱ्या पाटीला अज्ञात धोका म्हणतात, आणि अज्ञाताचा दर नेहमीच चढा असतो.

तिकडे ब्रिटनमध्ये हीच सत्तावीस वर्षं म्हणजे मोठी पुंजी होती. नो क्लेम बोनस साठत जातो, पाचेक वर्षांत हप्ता निम्म्याहूनही खाली येऊ शकतो, आणि जास्तीचे पैसे भरून तो बोनस सुरक्षितही करता येतो. पण ही पुंजी त्या देशातल्या विमा कंपन्यांच्या आपसातल्या विश्वासावर उभी आहे. कॅनडातल्या काही कंपन्या ती मानतात, काही अर्धीमुर्धी मानतात, काही अजिबात मानत नाहीत. म्हणून तिकडे जाणाऱ्याला जाणकार सांगतात की थेट एका कंपनीकडे जाऊ नका, चार-पाच कंपन्यांशी व्यवहार असलेला ब्रोकर गाठा, आणि ब्रिटनमधून निघण्यापूर्वी जुन्या कंपनीकडून पत्र घ्या.

त्या पत्रातही गंमत आहे. ब्रिटिश कंपनी साधारणपणे नूतनीकरणाच्या कागदावर एक ओळ लिहून देते: नो क्लेम बोनस, नऊ वर्षे किंवा अधिक. ब्रिटनमध्ये तेवढं पुरतं. कॅनडातल्या कंपनीला मात्र तारखा हव्या असतात. पॉलिसी कोणत्या दिवशी सुरू झाली, कोणत्या दिवशी संपली, मध्ये खंड पडला का, गाडीवर आणखी कोणाची नावं होती, दावे किती आणि त्यात चूक कुणाची, हप्ता थकल्यामुळे पॉलिसी कधी रद्द झाली होती का. नऊ वर्षांवर नुसतं अधिकचं चिन्ह काढलेलं असेल तर उरलेली अठरा वर्षं हवेत विरून जातात. बायकोच्या पॉलिसीवर दुसरा चालक म्हणून ज्यानं आयुष्यभर गाडी चालवली, त्याच्या नावावर तर बोनसच नसतो. त्याला आपलं नाव त्या पॉलिसीवर किती वर्षं होतं हे वेगळं लिहून घ्यावं लागतं. शिवाय ब्रिटनमधली ही पुंजी वापरली नाही तर बहुतेक कंपन्यांच्या नियमानं दोन वर्षांत बाद होते. म्हणजे चार वर्षं कॅनडात काढून परत आलेला माणूस लंडनमध्ये पुन्हा कोऱ्या पाटीनं उभा राहण्याची शक्यता असते.

आकड्यांचा अंदाज यावा म्हणून सांगतो. ब्रिटनमधल्या विमा कंपन्यांच्या संघटनेच्या आकडेवारीप्रमाणे २०२४ च्या सुरुवातीला तिथला सरासरी वार्षिक हप्ता ६३५ पौंड होता, म्हणजे साधारण अकराशे कॅनेडियन डॉलर. आणि एवढ्यावरूनही तिथे ओरड चालली होती. ओंटारिओत सरासरीच दीड ते दोन हजार डॉलरांच्या दरम्यान जाते. नवागताला त्याहून बरंच जास्त मोजावं लागू शकतं.

पत्राच्या पुढे गेलं की आणखी एक खोल फरक दिसतो. ब्रिटनमध्ये विमा प्रामुख्यानं माणसाला चिकटलेला असतो. पॉलिसीवर ज्यांची नावं आहेत तेच ती गाडी चालवू शकतात. शेजाऱ्यानं निकडीत तुमची गाडी नेली आणि त्याचं नाव पॉलिसीवर नसेल, त्याच्याकडे दुसऱ्याची गाडी चालवण्याची वेगळी मुभाही नसेल, तर तो विनाविमा चालक ठरतो: ३०० पौंड दंड आणि लायसन्सवर सहा पॉइंट. कॅनडात विमा गाडीमागे जातो. वैध लायसन्स असलेल्या माणसाला तुमच्या संमतीनं तुमची गाडी चालवता येते आणि तुमचाच विमा त्याला लागू होतो. नव्यानं आलेल्या ब्रिटिश माणसाला हे भलतंच उदार वाटतं. पण शेजाऱ्यानं गाडी ठोकली तर तो क्लेम तुमच्या पॉलिसीवर पडतो. गाडीबरोबर तुम्ही आपला सगळा विमा-इतिहास त्याच्या हाती दिलेला असतो.

नंबरप्लेटचं मात्र बरोबर उलटं! ब्रिटनमध्ये प्लेट सहसा गाडीबरोबरच राहते, गाडी विकली तर नव्या मालकाकडे जाते. ओंटारिओत १९८२ पासून प्लेट मालकाची. गाडी विकताना माणूस स्क्रूड्रायव्हरनं आपली प्लेट काढून घेतो आणि पुढच्या गाडीला लावतो. एका देशात विमा माणसाचा आणि प्लेट गाडीची, दुसऱ्यात विमा गाडीचा आणि प्लेट माणसाची. असं उलटसुलट जुळलेलं पाहून मला फार आनंद झाला.

आतापर्यंत मी 'कॅनडा' असं सरसकट म्हणत आलो, पण विम्याच्या बाबतीत कॅनडा नावाचा एक देश नाहीच. प्रत्येक प्रांताचा कायदा निराळा. ओंटारिओ, अल्बर्टा आणि अटलांटिक किनाऱ्यावरचे प्रांत इथे खासगी कंपन्या. ब्रिटिश कोलंबिया, सस्कॅचेवन आणि मॅनिटोबा इथे मूळ विमा सरकारी. क्वेबेकमध्ये माणसाला झालेली इजा सरकार भरून देतं आणि पत्र्याचं नुकसान खासगी कंपनी.

या सरकारी विम्याची सुरुवात एका ब्रिटिश स्थलांतरितानं केली. टॉमी डग्लस १९०४ मध्ये स्कॉटलंडमधल्या फॉलकर्कला जन्मले आणि लहानपणीच घरच्यांबरोबर विनिपेगला आले. त्यांच्या पायाच्या हाडाला जंतुसंसर्ग झाला होता आणि पाय कापायची वेळ आली होती. घरची स्थिती बेताची. एका शल्यविशारदानं विद्यार्थ्यांना शिकवण्यासाठी म्हणून ती केस फुकट घेतली आणि पाय वाचला. हा मुलगा पुढे धर्मोपदेशक झाला, राजकारणात आला आणि १९४४ मध्ये सस्कॅचेवनचा मुख्यमंत्री झाला. कॅनडाच्या सार्वजनिक आरोग्यसेवेचा जनक म्हणून त्यांचं नाव तिकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. पण आरोग्यविम्याच्या आधी त्यांच्या सरकारनं गाडीचा विमा हाती घेतला होता. १९४६ मध्ये त्या गव्हाच्या प्रांतात असा कायदा लागू झाला की लायसन्स आणि प्लेट घेतानाच विमा भरायचा, आणि अपघातात जखमी झालेल्याला चूक कुणाची हे न विचारता ठरलेली भरपाई द्यायची. उत्तर अमेरिकेत असं पूर्वी कुणी केलं नव्हतं. मॅनिटोबानं १९७१ मध्ये सरकारी विमा आणला, ब्रिटिश कोलंबियानं १९७३ मध्ये.

क्वेबेकमध्ये १९७८ मध्ये लीझ पायेत या मंत्रीणबाईंनी इजेच्या भरपाईतून कोर्टकचेरी काढूनच टाकली. जखमी माणसानं दुसऱ्या चालकावर दावा लावायचा नाही; उपचार, बुडालेली मजुरी, कायमचं अपंगत्व यांचे पैसे सरकारी मंडळ देणार. प्रांताच्या प्लेटवर 'झ म सुव्हियँ' हे ब्रीद लिहायचा निर्णयही याच बाईंचा. ब्रिटिश कोलंबिया २०२१ च्या मे महिन्यात जवळपास याच वाटेनं गेला. इंग्लंडमध्ये वाढलेल्या माणसाला हे पचायला जड जातं, कारण तिथे चूक ज्याची त्यानं भरपाई द्यायची हा न्यायाचा पायाच आहे. मला विचाराल तर आधी जखमीचा विचार करणारी पद्धत मला जास्त माणुसकीची वाटते, पण चुकलेल्या माणसाला न्यायाधीशासमोर उभं करण्याचा हक्क गेल्याची खंत वाटणारेही तिकडे पुष्कळ आहेत आणि त्यांचं दुःख खोटं नाही.

खासगी प्रांतांत वेगळीच दचकवणारी गोष्ट. ओंटारिओत कायद्यानं थर्ड पार्टीचा किमान विमा दोन लाख डॉलरांचा. ब्रिटनमध्ये १९३० च्या कायद्यापासून तिसऱ्या व्यक्तीला झालेल्या इजेचा विमा सक्तीचा आहे आणि आज त्याला वरची मर्यादाच नाही. आपल्याकडेही तेच, मृत्यू किंवा इजेसाठी थर्ड पार्टीचं दायित्व अमर्याद आणि मालमत्तेच्या नुकसानीसाठी साडेसात लाख रुपयांपर्यंत, कारण आपला मोटार वाहन कायदा त्याच ब्रिटिश झाडाची फांदी आहे. ओंटारिओत मात्र पॉलिसीवर लिहिलेली रक्कम संपली की पुढचं देणं चालकाच्या घरादारावर येऊ शकतं. म्हणून तिथले बहुतेक लोक दहा लाख किंवा वीस लाख डॉलरांचा विमा घेतात. लीड्सहून आलेल्या माणसाला हा प्रश्न आयुष्यात कधी पडलेलाच नसतो, त्यामुळे हप्ता कमी व्हावा म्हणून तो दोन लाखांवर सही करण्याचा धोका असतो. ते त्यानं चुकूनही करू नये.

आता ज्या कागदानं मला सगळ्यात जास्त थक्क केलं त्याकडे येतो. ओंटारिओच्या विमा कायद्याखाली चूक ठरवण्याचे नियम आहेत, १९९० च्या नियमसंग्रहातला ६६८ क्रमांकाचा विनियम. त्यात चित्रं आहेत. वरून पाहिल्यासारखे रस्ते, त्यावर चौकोनी गाड्या, एकीवर 'ए' आणि दुसरीवर 'बी'. मागून धडकली: 'ए' शून्य टक्के, 'बी' शंभर टक्के. डावीकडे वळताना समोरून सरळ येणारीवर आदळली: वळणारी शंभर टक्के. दोन गाड्या समोरासमोरून येऊन मधल्या रेषेवरच घासल्या आणि कोण कुणाच्या बाजूत शिरलं सांगता येत नाही: पन्नास-पन्नास. उभ्या गाडीचं दार उघडलं आणि येणारी गाडी त्यावर आपटली: दार उघडणारा शंभर टक्के. चौक, पार्किंगमधल्या वाटा, रांगेतल्या तीन गाड्यांची साखळी-धडक, सगळ्याला आकृती. विमा कंपनीचा माणूस घडलेली गोष्ट ऐकतो आणि तिच्याशी जुळणारी आकृती शोधतो.

आणि त्या नियमांच्या सुरुवातीलाच एक कलम आहे ज्यापाशी मी कितीतरी वेळ थांबलो. चूक ठरवताना हवामान, रस्त्याची अवस्था, किती दिसत होतं आणि पायी चालणाऱ्यांचं वागणं, यातलं काहीही विचारात घ्यायचं नाही. हे कॅनडात! जिथे जानेवारीत डांबरावर काचेसारखा बर्फाचा पापुद्रा बसतो, तो दिसतही नाही, ब्रेक दाबला तरी गाडी आपल्या मर्जीनं पुढे सरकत राहते आणि सिग्नलला थांबलेल्या गाडीला मागून हळूच टेकते. चालक कळवळून सांगतो की बर्फ होता. आकृतीत बर्फ नाही. शंभर टक्के.

आधी हे निष्ठुर वाटतं. मग त्यामागचा विचार उलगडतो. बर्फ पडणार हे सगळ्यांना माहीत आहे; तेव्हा अंतर ठेवणं, वेग कमी करणं, योग्य टायर घालणं हे चालकाचंच काम. प्रत्येक धडकेत हवामानाचा वाद घालू दिला तर एकही क्लेम महिनोन् महिने निकाली निघणार नाही. या नियमांमुळे ज्याची चूक नाही त्याला आपल्या गाडीच्या दुरुस्तीचे पैसे आपल्याच कंपनीकडून मिळतात, समोरच्याच्या कंपनीमागे धावावं लागत नाही.

टायरचं शास्त्रही जाता जाता सांगायला हवं. तापमान साधारण सात अंशांखाली गेलं की नेहमीच्या टायरचं रबर कडक होतं आणि त्याची पकड सुटायला लागते, मग बर्फ असो वा नसो. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं. त्याच्या कडेवर तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण असं चिन्ह असतं. क्वेबेकमध्ये १ डिसेंबर ते १५ मार्च असे टायर सक्तीचे आहेत. ओंटारिओत सक्ती नाही, पण २०१६ पासून हिवाळी टायर घालणाऱ्याला हप्त्यात सूट देणं कंपन्यांना बंधनकारक आहे. ब्रिटनमधून आलेल्या बहुतेकांनी असे टायर आयुष्यात पाहिलेले नसतात.

मग गाडी चालवण्याच्या दर्जाचं काय? कॅनडात राहणाऱ्या ब्रिटिशांच्या गप्पांत हा विषय निघाला की आवाज चढतात. इथले लोक मागे चिकटून चालवतात, उजवीकडून (म्हणजे चुकीच्या बाजूनं, कारण इथे वाहतूक रस्त्याच्या उजव्या बाजूनं चालते) ओव्हरटेक करतात, इंडिकेटर देत नाहीत, परीक्षा फारच सोपी आहे. यातलं किती खरं? ब्रिटनची परीक्षा कठीण आहे हे नक्की. सुमारे चाळीस मिनिटांच्या त्या चाचणीत एक गंभीर चूक पुरते आणि निम्म्याहून जास्त उमेदवार नापास होतात. पण उजवीकडून पुढे जाण्याचं कारण वेगळं आहे. ब्रिटनमध्ये मोटरवेवर डाव्या लेनमध्ये राहायचं आणि फक्त ओव्हरटेकला उजवीकडे यायचं ही शिस्त अंगात मुरवलेली असते. टोरांटोतला ४०१ क्रमांकाचा महामार्ग विमानतळाजवळ अठरा लेनपर्यंत रुंद होतो आणि त्याच्या काही भागांत दिवसाला चार लाखांहून जास्त गाड्या धावतात. तिथे लोक आपापली लेन धरून राहतात आणि कुठल्याही बाजूनं पुढे जाणं कायद्यातही बसतं.

आकडे मात्र ब्रिटिशांच्या बाजूनं बोलतात. २०२२ मध्ये कॅनडात रस्त्यांवर १,९३१ माणसं गेली. लोकसंख्या चार कोटींच्या जरा आत. त्याच वर्षी ग्रेट ब्रिटनमध्ये १,७११ गेली. लोकसंख्या साडेसहा कोटींच्या वर. माणशी हिशेब केला तर ब्रिटनचं प्रमाण जवळपास निम्मं. कॅनडात अंतरं अफाट, त्यामुळे कापलेल्या किलोमीटरवर मोजलं की दरी बरीच कमी होते, पण बुजत नाही.

आणि ब्रिटनची ही सुरक्षितता काही रक्तातून आलेली नाही! १९३४ मध्ये, आजच्या तुलनेत मूठभर गाड्या असताना, तिथे ७,३४३ माणसं रस्त्यावर मेली होती. तेव्हा परीक्षाच नव्हती. गाडी विकत घ्यायची आणि चालवायची. लेस्ली होर-बेलिशा नावाच्या वाहतूकमंत्र्यानं १९३५ मध्ये परीक्षा सक्तीची केली, फी साडेसात शिलिंग. पुढे गाड्यांची वार्षिक तपासणी आली, सीटबेल्ट आले, १९६६ मध्ये गोल चौकात आधीपासून फिरणाऱ्याला वाट देण्याचा नियम झाला आणि गोल चौक देशभर पसरले. गोल चौकात समोरासमोरची आणि काटकोनातली धडक जवळजवळ अशक्य होते. ओंटारिओत तर आजही खासगी गाडीला दरवर्षीची तपासणी नाही. सुरक्षिततेचा दाखला लागतो तो मुख्यतः जुनी गाडी नव्या मालकाच्या नावावर होताना. मिठानं गंजलेले पत्रे घेऊन धावणाऱ्या गाड्या पाहून ब्रिटिश माणूस चरकतो, ते मला पटतं.

पण कॅनडाच्या रस्त्यावरही अशा गोष्टी आहेत ज्या पाहून मन भरून येतं. चारही बाजूंना 'स्टॉप'ची पाटी असलेला चौक घ्या. सिग्नल नाही, पोलीस नाही. प्रत्येक गाडी पूर्ण थांबते, चाक फिरायचं बंद होतं. जो आधी थांबला तो आधी निघतो. दोघं एकदम आले तर उजवीकडच्याला मान. अनोळखी माणसं नजरेनं आपला क्रम ठरवतात आणि एकेक करून चौक पार करतात. दुसरी गोष्ट पिवळी शाळेची बस. बसचे वरचे लाल दिवे लुकलुकायला लागले आणि कडेचा थांबा-फलक बाहेर आला की मागची गाडी थांबते आणि मध्ये दुभाजक नसेल तर समोरून येणारीही थांबते. ओंटारिओत पहिल्याच वेळी न थांबणाऱ्याला ४०० ते २,००० डॉलर दंड आणि सहा पॉइंट. ब्रिटनमध्ये असा नियम नाही, त्यामुळे नवा आलेला माणूस समोरून येताना नकळत पुढे जाऊ शकतो. आणि तो दंड विमा कंपनी तीन वर्षं विसरत नाही.

लुकलुकणारा हिरवा दिवा तर प्रांताप्रमाणे अर्थ बदलतो. ओंटारिओत तो सांगतो की समोरची वाहतूक थांबवली आहे, निर्धास्त डावीकडे वळा. ब्रिटिश कोलंबियात त्याचा अर्थ एवढाच की हा सिग्नल पादचाऱ्यानं बटण दाबलं की बदलतो; समोरची वाहतूक चालूच असते. टोरांटोत शिकलेला माणूस व्हँकुव्हरमध्ये बिनधास्त वळला तर काय होईल याची कल्पना करवत नाही.

विमा कंपनी रस्त्याकडे मात्र पिनकोडातून पाहते. ओंटारिओत टोरांटोच्या शेजारचं ब्रॅम्प्टन हे हप्त्यांच्या बाबतीत सर्वांत महागड्या शहरांपैकी एक. अपघात, इजेचे दावे आणि गाड्यांची चोरी यांचा त्या वस्तीतला एकूण भार तिथल्या प्रत्येकाच्या हप्त्यात वाटला जातो, मग त्यानं स्वतः काहीही केलेलं नसो. २०२३ मध्ये चोरीच्या क्लेमपोटी कॅनडातल्या कंपन्यांनी दीड अब्ज डॉलरांहून जास्त रक्कम दिली. चोर घराच्या दाराजवळ ठेवलेल्या चावीचा रेडिओ-संकेत यंत्रानं पकडतात, गाडी आवाज न करता निघून जाते, कंटेनरमध्ये भरली जाते आणि माँट्रियलच्या बंदरातून समुद्रापार होते. २०२४ च्या फेब्रुवारीत या एकाच विषयावर ओटावात राष्ट्रीय परिषद भरवावी लागली.

ब्रॅम्प्टन म्हणताच आपल्याकडच्या अनेक घरांतल्या लेकीसुना आठवतील. त्यांची वाट ब्रिटिशांहून खडतर आहे. भारताचा ओंटारिओशी लायसन्स बदलून देण्याचा करार नाही, त्यामुळे पुण्यात पंधरा वर्षं गाडी चालवलेल्या माणसालाही लेखी परीक्षा आणि रस्त्यावरची चाचणी द्यावी लागते. दोन वर्षांहून जास्त अनुभवाचा कागद दाखवला तर मधला थांबा वगळून थेट शेवटच्या चाचणीला बसता येतं, एवढीच सवलत. तिथे एक सवय हमखास नडते: लेन बदलताना नुसतं आरशात पाहून चालत नाही, मान खांद्यापर्यंत वळवून बाजूचा आंधळा कोपरा पाहिलेला परीक्षकाला दिसावा लागतो. निघण्यापूर्वी भारतातल्या विमा कंपनीकडून तारखांसकट दाव्यांचा दाखला घ्यायला विसरू नका. तो मानतीलच असं नाही, पण नसला तर विचारायलाही तोंड राहत नाही.

रस्त्याच्या बाजूबद्दल शेवटी सांगायचं ठेवलं होतं, कारण तिथून वाट एका विलक्षण प्राण्याकडे जाते. कॅनडाचे काही प्रांत एके काळी ब्रिटनसारखेच डावीकडून चालत. ब्रिटिश कोलंबियाच्या व्हँकुव्हर भागानं १९२२ च्या पहिल्या दिवशी बाजू बदलली, नोव्हा स्कोशियानं १९२३ मध्ये. तिथल्या लुनेनबर्ग भागात सांगतात की डावीकडून चालायला शिकवलेले गाडीचे बैल काही केल्या उजवीकडून चालेनात, शेतकऱ्यांनी ते खाटकाला विकले आणि त्या वर्षी मांसाचे भाव कोसळले. न्यूफाउंडलंड तेव्हा कॅनडापासून वेगळं होतं; तिथे १९४७ मध्ये बदल झाला.

या न्यूफाउंडलंड बेटावर मूस नावाचा प्राणी नव्हताच. १९०४ मध्ये न्यू ब्रन्सविकमधून चार मूस आणून सोडले. आज तिथे त्यांची संख्या एक लाखाच्या घरात आहे. हा प्राणी चार-पाचशे किलोचा आणि पाय लांबच लांब. गाडीची धडक पायांना बसते आणि सगळं धड समोरच्या काचेवर येतं. त्याचा रंग काळपट, आणि डोळे इतके उंचावर की हेडलाइटचा झोत त्यांच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून अंधारात ते हरणासारखे चमकतही नाहीत.

आणि इथे विम्याचा एक असा नियम लागू होतो जो कॅनडात गाडी चालवणाऱ्या प्रत्येकानं पाठ करावा. मूस किंवा हरीण गाडीवर आदळलं तर ते दगड लागून काच फुटावी किंवा गारपीट व्हावी तशा प्रकारच्या नुकसानीत धरतात. तो विमा घेतलेला असेल तर पैसे मिळतात आणि चालकावर चूक लागत नाही. पण त्याला चुकवायला स्टिअरिंग फिरवलं आणि गाडी झाडावर किंवा खांबावर गेली, तर तो एकट्या गाडीचा अपघात, चूक चालकाची, आणि हप्त्यावर परिणाम पुढची काही वर्षं. रस्तासुरक्षेची माणसंही बहुतेकदा हेच सांगतात, आणि त्यांचं कारण पैशाचं नसतं: अचानक वळवलेली गाडी उलटते किंवा समोरच्या लेनमध्ये शिरते. म्हणून संध्याकाळपासून पहाटेपर्यंत वेग कमी ठेवायचा, कडेच्या झाडीवर नजर ठेवायची, काही हललं तर आपल्या लेनमध्येच सरळ ब्रेक दाबायचा. आणि एक मूस रस्ता ओलांडून गेला तरी लगेच निघायचं नाही, मागून पिल्लू येत असण्याची शक्यता असते.